वायर बदलली, आवाज सुधारला का?

(स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्या सरांनी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं आणि घरी रेकॉर्डी ऐकल्या. दोन्ही कामं एकाच वृत्तीने केली. त्यामुळे या व्यासपीठावर साहित्य, शेती, पाणीप्रश्न असे भारदस्त विषय होऊन गेल्यावर मी स्पीकरच्या वायरीवर बोलायला उभा राहिलोय, याचं निदान त्यांना तरी नवल वाटलं नसतं. कार्यकर्त्यांना वाटलं. "वायरीवर तास कसा भरणार?" असं एकाने फोनवर विचारलंच. बघू या.

प्रश्न साधा आहे. घरी बरीशी स्टीरिओ सिस्टीम आहे, ॲम्प्लिफायर आणि दोन स्पीकर. दुकानदार सांगतो, साहेब, बाकी सगळं झकास आहे, तेवढी केबल बदला, मधला पडदा उचलल्यासारखं वाटेल. केबलची किंमत जवळजवळ ॲम्प्लिफायरएवढी. घ्यावी का?

उत्तर आधीच देऊन टाकतो, म्हणजे कोणाला लवकर निघायचं असेल तर निघता येईल. बहुतेक घरांत घेऊ नये. पण ज्याने ती घेतली आणि ज्याला खरोखर फरक ऐकू आला, त्याला खुळ्यात काढू नका. त्याच्या घरी फरक पडलेला असू शकतो. भांडण आहे ते त्या फरकाचं श्रेय कोणाला द्यायचं, याचं.

आता थोडा हिशेब करू. ॲम्प्लिफायरपासून स्पीकर ५ मीटरवर आहे असं धरा. प्रवाहाला जाऊन परत यायचं असतं, म्हणजे तांबं १० मीटर. जुन्या सिस्टीमसोबत फुकट मिळायची ती बारीक लाल-काळी वायर आठवा. तिचा छेद साधारण ०.२ चौरस मिलिमीटर. अशा १० मीटर वायरीचा रोध भरतो सुमारे ०.८४ ओहम. स्पीकरच्या पाठीवर ८ ओहम लिहिलेलं असतं, पण ते नाममात्र. प्रत्यक्षात तो आकडा सुरागणिक बदलतो. एखाद्या खर्जाच्या जागी २० ओहम, मध्ये कुठेतरी ४. जिथे २० आहे तिथे ही बारीक वायर आवाजातला ०.३६ डेसिबल खाते. जिथे ४ आहे तिथे १.६६ डेसिबल खाते. म्हणजे काही सूर जास्त दबले, काही कमी, आणि दोन्हींत तफावत पडली १.३ डेसिबलची. जाणत्या कानाला ती कळू शकते. गायकाचा आवाज किंचित मागे गेल्यासारखा, नाहीतर खर्ज किंचित फुगल्यासारखा वाटेल.

आता तिच्या जागी घराच्या वायरिंगची वायर घाला. इलेक्ट्रिशियन जिला 'अडीचची' म्हणतात, ती २.५ चौरस मिलिमीटरची. १० मीटरला रोध ०.०७ ओहम. तफावत उरते ०.१२ डेसिबल. इथे गोष्ट संपते. याच्यापुढे कितीही पैसे घातले तरी वाचवायला उरलंय ते एवढंच, डेसिबलचा आठवा हिस्सा.

चांदीची तार? चांदीचा रोध तांब्यापेक्षा पाच-सहा टक्क्यांनी कमी असतो. अडीचच्या जागी कोणी २.६५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ओढली, की चांदीचं सगळं काम झालं. 'ऑक्सिजनमुक्त तांबं' हे शब्द पाकिटावर मोठे दिसतात. साध्या विजेच्या तांब्यात आणि त्यात वाहकतेचा फरक एखाद्या टक्क्याचा. वायर दहा टक्क्यांनी तोकडी कापलीत तर त्याहून जास्त कमाई होते.

हा धंदा उभा कसा राहिला, तेही ऐकण्यासारखं आहे. १९७० च्या दशकाच्या शेवटापर्यंत अमेरिकेतही लोक स्पीकरला टेबललॅम्पची वायर लावायचे. कॅलिफोर्नियात लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत काम केलेल्या नोएल ली या इंजिनिअरने जाडजूड वायर स्वतःच्या नावाने नव्हे, 'मॉन्स्टर' या नावाने विकायला काढली. वायर ही दाखवण्यासारखी, मिरवण्यासारखी वस्तू होऊ शकते, हा त्याचा शोध. लगेच वाद पेटला. १९८३ साली 'स्टीरिओ रिव्ह्यू' मासिकात लॉरेन्स ग्रीनहिल यांनी चाचणी छापली. तीन वायरी होत्या: मॉन्स्टर, लॅम्पची १६ गेजची वायर आणि फुकट मिळणारी २४ गेजची बारीक वायर. ऐकणाऱ्यांना कुठली चालू आहे ते सांगितलेलं नव्हतं. निष्कर्ष असा की संगीत ऐकताना मॉन्स्टर आणि लॅम्पची वायर ओळखू येत नाहीत, आणि दोन्ही त्या बारीक वायरीपेक्षा सरस. मघाचा आपला हिशेब नेमकं हेच सांगत होता. विकत मिळतो तो फायदा जाडीचा असतो, आणि जाडी स्वस्त असते.

मग केबलच्या माहितीपत्रकात एवढं शास्त्र कुठून येतं? लहरी केबलमध्ये पसरतात, उंच सूर आधी पोचतात, खर्ज मागून येतो, वगैरे. गंमत म्हणजे यातलं काहीही खोटं नाही. फक्त ते समुद्रातल्या केबलचं शास्त्र आहे. ॲटलांटिकखालून पहिली तार १८५८ साली गेली, आणि त्यावर टिंब-रेषा एकमेकींत मिसळून यायच्या. विल्यम टॉमसन, पुढे लॉर्ड केल्विन, यांनी त्याआधीच दाखवून दिलं होतं की हा विलंब लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. नंतर ऑलिव्हर हेविसाइडने १८८० च्या दशकात ते गणित पुरं केलं. आपल्या मुंबईतही ही तार आली. १८७० साली 'ग्रेट ईस्टर्न' या अजस्र जहाजाने मुंबई ते एडन अशी ती समुद्रतळाशी टाकली, तीन हजार किलोमीटरच्या आसपास. त्या तारेला हेविसाइडचं गणित हवंच होतं. आता घरातलं बघा. माणसाला ऐकू येणारा सर्वांत उंच सूर २०,००० हर्ट्झचा. केबलमध्ये त्याची लहर असते साधारण १० किलोमीटर लांब. तुमचा स्पीकर ५ मीटरवर. एडनचं गणित टीपॉयमागच्या वायरीला लावायचं, आणि वर त्याचे पैसे घ्यायचे!

एवढं बोलल्यावर लोक म्हणतात, पण मला फरक कळला. बायकोलाही कळला, तिला तर किंमतसुद्धा सांगितली नव्हती. मी मान्य करतो. अशा घरी जाऊन जुनी वायर हातात घ्यावी, म्हणजे कारण सापडतं.

पहिलं कारण कळंक. आपल्याकडे, विशेषतः मुंबईत आणि कोकणपट्टीत, पावसाळ्याचे चार महिने हवा खारट आणि ओली. ॲम्प्लिफायरच्या मागे खोचलेल्या पिनांवर मळकट थर चढतो. उघड्या तांब्याच्या टोकाला हिरवट कळंक येतो. दहा वर्षं कोणी हात लावलेला नसतो. नवी केबल लावायची म्हणून जुनी पिन पिळून उपसली, नवी दाबून बसवली, की त्या घासण्यानेच सॉकेट साफ होतं. एका बाजूचा खरखराट गेला, दुसऱ्या बाजूचा दबलेला आवाज वर आला. फरक खराच पडला. तीच जुनी केबल काढून, टोक पुसून परत लावली असती तरी पडला असता.

दुसरं कारण प्लस-मायनस. एका स्पीकरची वायर उलटी जोडलेली असली, की डावा पडदा पुढे येतो तेव्हा उजवा मागे जातो. खर्ज आपसात कटतो. गायक मधोमध बसलेला वाटत नाही, भिंतभर पसरतो. हे असं वर्षानुवर्षं चालतं, कारण गाणं तर वाजतच असतं. नवी केबल जाड असते, तिच्यावर लाल-काळ्या खुणा ठळक असतात, लावणाराही पैशाला जागून नीट लावतो. जोडणी सुलटी झाली, आणि डग्गा एकदम खोलीत आला! याचं श्रेय केबलला द्यायचं तर द्या, पण ते त्या खुणांचं आहे.

तिसरं कारण आपल्या बाजारातलं. लॅमिंग्टन रोडला काय, पुण्यात तपकीर गल्लीत काय, वायरीच्या बंडलांत काही बंडलं दिसायला तांब्याची आणि आतून ॲल्युमिनियमची असतात. वर तांब्याचा मुलामा. ब्लेडने एक तंतू खरवडून पाहा, आतून पांढरा निघाला तर समजा. असा तंतू एवढ्याच जाडीच्या तांब्याहून साधारण दीडपट रोध करतो, दोन-चारदा वाकवला तर तुटतो. अशी वायर काढून कुठलीही अस्सल तांब्याची घातलीत, तर सुधारणा होणारच. आयएस ६९४ प्रमाणाची, आयएसआय छापाची घरगुती वायर त्यासाठी पुरेशी आहे.

मात्र दोन-तीन जागा अशा आहेत की तिथे केबल खरोखर महत्त्वाची ठरते, आणि 'सगळ्या वायरी सारख्या' म्हणणारे तिथे फसतात. सर्वांत मोठी जागा रेकॉर्ड प्लेअर. मूव्हिंग मॅग्नेट जातीच्या कार्ट्रिजमध्ये बारीक तारेचं वेटोळं असतं. त्याचा इंडक्टन्स पाव-अर्धा हेन्री. तिथून निघालेल्या केबलचा कपॅसिटन्स त्याच्याशी जमून एक स्वतंत्र अनुनाद तयार करतो. अर्धा हेन्री आणि एकूण ३०० पिकोफॅरड धरलं तर तो बसतो १३,००० हर्ट्झच्या जवळ, ऐकू येण्याच्या टापूत. केबल बदलून तेच १५० वर आणलं तर तो १८,००० च्या पलीकडे जातो. सतारीच्या तारांची झणक, झांजेचा कड, रेकॉर्डीची चरचर, सगळ्यांचा रंग यावर ठरतो. इथे मीटरला १०० पिकोफॅरडची केबल आणि २५० ची केबल यांत कानाला कळेल असा फरक असतो. पण तो किमतीला धरून नसतो. जाड संरक्षक कवचाची, चार थरांची महागडी केबल इथे स्वस्त केबलपेक्षा वाईट ठरू शकते. कार्ट्रिजच्या कागदावर किती पिकोफॅरड हवेत ते छापलेलं असतं. तेवढं वाचा.

दुसरी जागा, इंग्लंडच्या 'नेम' कंपनीसारखे ॲम्प्लिफायर. त्यांनी ॲम्प्लिफायरच्या तोंडाशी नेहमी असतं ते वेटोळं गाळलं आणि ते काम स्पीकरच्या केबलवर सोपवलं. म्हणून ती कंपनी स्वतःचीच केबल वापरा, आणि साडेतीन मीटरपेक्षा आखूड नको, असं बजावते. ही केबल ॲम्प्लिफायरचाच एक भाग आहे. तिथे माझी अडीचची वायर लावू नका.

तिसरी जागा गुणगुण. सिस्टीम चालू केली की तानपुऱ्याआधी ५० हर्ट्झचा एक अखंड षड्ज सुरू होतो. माणूस महागड्या शील्डेड केबली आणतो, षड्ज हलत नाही. अशा घरी मी आधी टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्समागची, केबलवाल्याने गच्चीवरून आणलेली वायर काढून पाहायला सांगतो. ती काढताच शांतता होते. इमारतीचं अर्थिंग एक, केबलवाल्याचं दुसरं, आणि दोन्हींच्या मधून तुमचा ॲम्प्लिफायर. यावर उपाय म्हणजे टीव्हीचा आवाज प्रकाशवाहक केबलने घ्यायचा. तोशिबाने १९८३ मध्ये आणलेल्या त्या प्लास्टिकच्या तंतूतून वीज जातच नाही, त्यामुळे गुणगुणीची वाट बंद. केबल बदलून आवाज सुधारल्याचं हे निखळ उदाहरण, आणि ती केबल किरकोळ किमतीत मिळते. काही जण अर्थची जाड पिन कापून टाकतात. कृपा करून तसं करू नका. गुणगुणीने कोणी मेलेलं नाही.

विजेच्या महागड्या पॉवर केबलबद्दल थोडक्यात. रोहित्रापासून तुमच्या मीटरपर्यंत शेकडो मीटर ॲल्युमिनियम, मग भिंतीतलं वायरिंग, आणि शेवटचा दीड मीटर हिऱ्यामोत्यांचा. गावाची पाइपलाइन पन्नास वर्षांची आणि नळाला चांदीची तोटी, असा तो प्रकार. जपानमधले काही शौकीन निदान तर्काला धरून आहेत. त्यांनी घरासमोर स्वतःचा विजेचा खांबच उभा केला. आणि एचडीएमआय, यूएसबी वगैरे डिजिटल केबली काम करतात किंवा अडखळतात. अडखळल्या तर आवाज तुटतो, टिचक्या येतात. 'गंधार जरा जास्त गोड झाला' असा दोष त्यांना काढता येत नाही.

आता कानाकडे येतो. वायरी साफ आहेत, जोडणी सुलटी आहे, जुनीही जाड होती, तरी नवीने फरक पडला असं प्रामाणिकपणे वाटतं. असं कसं? हारमन कंपनीत फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या संशोधकांनी १९९४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. वायरींवर नव्हे, स्पीकरवर. आणि स्पीकरमधले फरक तर ढळढळीत असतात. त्यांनी तेच स्पीकर त्याच लोकांना आधी दिसतील असे ऐकवले, मग पडद्याआड ठेवून ऐकवले. डोळ्यांना दिसत होते तेव्हा मोठ्या, देखण्या, किमती खोक्यांना गुण भरभरून मिळाले. पडद्याआड ती दरी आटली. ऐकणारे कोणी अडाणी नव्हते, त्याच कंपनीतले लोक होते. मला यात कोणाची फजिती दिसत नाही. ऐकणं म्हणजे नुसता कान नव्हे. मैफलीत बुवा दिसत असले की तान जास्त चढते, हे आपण सगळे अनुभवतो. फक्त घरात नवी केबल लावल्याच्या दिवशी आपण जितकं कान देऊन ऐकतो, तितकं एरवी ऐकत नाही. तीच रेकॉर्ड, पण त्या दिवशी मागचं हार्मोनियम पहिल्यांदा लक्षात येतं. ते आधीपासून वाजत होतंच.

आवाजाची पातळीही दगा देते. दोन नमुन्यांत अर्ध्या डेसिबलचा फरक असला तर मोठा नमुना 'मोठा' वाटत नाही, 'चांगला' वाटतो. दुकानात हे हाताच्या एका हालचालीने साधतं.

२००७ मध्ये जेम्स रँडी या अमेरिकन जादूगाराने आव्हान दिलं. 'पेअर' कंपनीची बारा फुटांची, ७,२५० डॉलरची केबल साध्या केबलपासून न बघता ओळखून दाखवा आणि दहा लाख डॉलर न्या. एक नामांकित समीक्षक तयारही झाला. कंपनीने केबल द्यायचं नाकारलं, पुढे बाचाबाची झाली, चाचणी झालीच नाही. दोन्ही पक्ष अजून ती गोष्ट आपल्या बाजूचा पुरावा म्हणून सांगतात. न झालेल्या चाचणीतून काहीच सिद्ध होत नाही, तेव्हा मी ती सोडून देतो.

मला खरं बोलायचंय ते खोलीबद्दल, कारण केबलच्या नादात ती राहूनच जाते. आपली खोली म्हणजे दहा बाय बारा. भिंती गिलाव्याच्या, खाली टाइल्स, वर स्लॅब. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर. दहा फुटांच्या समोरासमोरच्या भिंतींमध्ये ५६ हर्ट्झचा सूर अडकून घुमतो, बारा फुटांच्या भिंतींमध्ये ४७ चा. वर स्लॅबही दहा फुटांवर असला तर ५६ ला दुहेरी जोर. त्यांच्या दुप्पटी येतात ९४ आणि ११२ ला. डग्ग्याचा घुमारा साधारण याच वस्तीत राहतो. त्यामुळे एका खुर्चीत डग्गा छातीवर बसतो आणि हातभर अंतरावरच्या दुसऱ्या खुर्चीत तो गायब असतो. हा चढउतार १० डेसिबल सहज असतो, कधी २०. मघाशी आपण केबलीत काय शोधत होतो? ०.१२.

वरच्या सुरांचीही तीच कथा. १८९५ मध्ये हार्वर्डला वॉलेस सॅबाइन नावाच्या तरुण प्राध्यापकाकडे काम आलं. फॉग संग्रहालयातल्या नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचा शब्द कळत नव्हता. एकेक उच्चार साडेपाच सेकंद घुमत राहायचा. सॅबाइनने रात्री, रहदारी थांबल्यावर, शेजारच्या सँडर्स थिएटरच्या गाद्या वाहून आणल्या, हॉलमध्ये मांडल्या, ऑर्गनची नळी फुंकली आणि आवाज विरायला लागणारा वेळ मोजला. गाद्या वाढवल्या, पुन्हा मोजलं. सकाळी थिएटरवाल्यांना गाद्या परत. त्यातून निघालेलं सूत्र आजही चालतं. आपल्या दहा बाय बाराच्या रिकाम्या खोलीला ते लावलं तर आवाज विरायला जवळजवळ तीन सेकंद लागतात. तीत गादी, सोफा, पुस्तकांचं कपाट, जाड पडदा आणि दोन-तीन माणसं आली की वेळ अर्ध्या-पाऊण सेकंदावर येतो. तानेचे दाणे सुटे ऐकू यायला लागतात. जमिनीवर एक सतरंजी आणि स्पीकर भिंतीपासून दोन फूट पुढे, एवढ्याने जे होतं ते कुठल्याही धातूच्या तारेने होत नाही. स्पीकर पुढे ओढायला पैसे पडत नाहीत, पण घरातल्यांची परवानगी लागते, आणि मी पाहिलंय की केबल घेणं त्याहून सोपं जातं.

तरीही कोणाला केबलची परीक्षा घ्यायचीच असेल, तर घरच्या घरी घ्या. दोन्ही केबलींचे कॉन्टॅक्ट आधी पुसा. प्लस-मायनस तपासा. व्हॉल्यूमला हात लावू नका. तुम्ही पाठ करून बसा आणि घरातल्या कोणालातरी नाणं उडवायला सांगा. छापा आला तर नवी, काटा आला तर जुनी, आणि कोणती लावली ते त्याने चिठ्ठीवर लिहून ठेवायचं, बोलायचं नाही, हसायचंही नाही. तुकडा एकच ठेवा, अर्ध्या मिनिटाचा, कारण कानाची बारीक आठवण काही सेकंदांतच विरते. असं १६ वेळा करा. नुसत्या अंदाजाने ८ बरोबर यायचे. १२ किंवा जास्त बरोबर आले, तर तो योगायोग असण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी. अशा वेळी मी म्हणेन, तुम्हाला खरंच ऐकू आलं. मग मल्टिमीटर आणा, दोन्ही वायरींचा रोध मोजा, रेकॉर्ड प्लेअरची केबल असेल तर कपॅसिटन्स मोजा. बहुतेक वेळा कारण तिथल्या तिथे मीटरवर दिसेल. तिथेही दिसलं नाही तर चिठ्ठ्या जपून ठेवा आणि मला कळवा. मी येईन, आणि या खेपेला नाणं मी उडवीन.

प्रश्नोत्तरांसाठी वेळ राखलाय असं अध्यक्ष खुणावताहेत. कोणी सोबत वायर आणली असेल तर पुढे घेऊन या, ब्लेड माझ्याकडे आहे.